सेस्मिक सर्वेक्षणातील संशोधक, गट आणि मुक्तस्रोत प्रणाली: आपल्या काळ्या खडकासाठी नेमके काय शिकावे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपामुळे भूकंपाची नोंद, केंद्रबिंदू, तीव्रता हे शब्द आपल्या भागात घरोघरी पोहोचले. परंतु जमिनीत स्वतः लहरी पाठवून, परत आलेल्या लहरींवरून खालच्या थरांचे चित्र काढणारे सेस्मिक सर्वेक्षणाचे जे शास्त्र तेल आणि वायूच्या शोधात वाढले, त्याविषयी मराठीत सलग लिहिलेले माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांना या विषयाचा पाया पक्का करायचा आहे आणि पाठ्यपुस्तकातील आकृत्या पाहून ते आता समाधानी राहत नाहीत.

माझा प्रश्न असा आहे की या क्षेत्रात कोणाचे काम मुळातून वाचावे, कोणत्या विद्यापीठीय गटांकडे लक्ष ठेवावे आणि परवान्याचे पैसे न भरता साध्या लॅपटॉपवर चालतील अशा कोणत्या प्रणाली (सॉफ्टवेअर) शिकवाव्यात? तेल कंपन्या वापरतात त्या व्यावसायिक प्रणाली आमच्या विभागाच्या आवाक्यात नाहीत. आणखी एक विनंती आहे. उत्तरे देताना आपल्या पायाखाली बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक आहे हे कृपया ध्यानात ठेवावे, कारण मेक्सिकोच्या आखातातील मिठाच्या घुमटांवर विद्यार्थ्यांनी प्रावीण्य मिळवले तरी औसा किंवा निलंगा तालुक्यात त्याचा थेट उपयोग होणार नाही.

जुनाजिओफोन (परभणी)

सर, मी तेलशोधाच्या फील्ड पार्टीत आणि पुढे प्रक्रिया केंद्रात नोकरी करून आता परभणीत स्थायिक झालो आहे. नुसती नावे देण्यापेक्षा घराणी सांगतो, कारण या विषयातली गुरु-शिष्य परंपरा शास्त्रीय गायनाइतकीच ठळक आहे आणि एकदा घराणे कळले की त्याची प्रणाली अशी का लिहिली गेली हेही कळते.

पहिले घराणे एमआयटीचे. १९५० च्या दशकात तेथे जिओफिजिकल अ‍ॅनालिसिस ग्रुप काम करत होता आणि त्याला तेल कंपन्यांचे आर्थिक साह्य होते. नॉर्बर्ट वीनर यांनी महायुद्धाच्या काळात मांडलेले भाकिताचे गणित एन्डर्स रॉबिन्सन यांनी सेस्मिक नोंदींना लावले. थरांमध्ये वारंवार आपटून परत येणारी लहर पुढे काय करील याचे काही प्रमाणात भाकीत करता येते, आणि ज्याचे भाकीत करता येते ते नोंदीतून वजा केले की उरते ती नव्या थराची खबर. डिकन्व्होल्यूशनचा हा गाभा होय. स्वेन ट्रायटेल हे रॉबिन्सन यांचे त्या काळापासूनचे सहकारी, आणि या दोघांचे लेखन आजही तितकेच स्वच्छ वाटते.

दुसरे घराणे स्टॅनफर्डचे. जॉन क्लेअरबाउट एमआयटीतूनच डॉक्टरेट घेऊन १९६७ मध्ये स्टॅनफर्डला गेले. स्रोतापासून खाली उतरणारी लहर आणि नोंद घेणाऱ्या उपकरणांकडून गणिताने मागे नेलेली लहर ज्या बिंदूवर एकाच वेळी पोहोचतात, तेथे परावर्तक (लहर परत फिरवणारा थर) आहे असे समजावे, हे त्यांचे १९७१ चे तत्त्व. नोंदीतील परावर्तने जमिनीखालच्या खऱ्या जागी नेण्याला मायग्रेशन म्हणतात, आणि आजची रिव्हर्स टाइम मायग्रेशनसारखी महागडी प्रक्रियाही याच एका वाक्यावर उभी आहे. १९७३ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड एक्सप्लोरेशन प्रोजेक्ट सुरू केला. अनेक कंपन्यांनी वर्गणी भरायची, विद्यार्थ्यांनी संशोधन करायचे आणि त्याचा अहवाल सर्व वर्गणीदारांना द्यायचा, अशी त्याची रचना होती, आणि पुढे निघालेल्या बहुतेक गटांनी तीच उचलली. क्लेअरबाउट यांची पुस्तके गटाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तेव्हा वाचनाची सुरुवात तेथूनच करावी. गटाची धुरा पुढे बियोंदो बियोंदी यांच्याकडे आली.

तिसरे ठिकाण कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स. नॉर्मन ब्लाइस्टाइन यांनी उभारलेल्या सेंटर फॉर वेव्ह फिनॉमिना या केंद्रात सायस्मिक युनिक्स हे सेस्मिक नोंदींवर प्रक्रिया करणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वाढले. त्याचे बीज मात्र स्टॅनफर्डचेच आहे. आयनार क्यार्तान्सन यांनी तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची सुरुवात केली, शुकी रोनेन यांनी ते कोलोरॅडोत आणले, आणि जॅक कोहेन व जॉन स्टॉकवेल यांनी ते जगभरातील विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचवले. छोटे छोटे शेकडो प्रोग्राम, प्रत्येकाचे एकच काम, आणि एकाचे फलित नळीने दुसऱ्यात सोडायचे, ही युनिक्सची शिस्त त्यात जशीच्या तशी उतरली आहे. शिकवण्यासाठी याहून चांगले साधन मला ठाऊक नाही, कारण यात प्रत्येक पायरी विद्यार्थ्याला स्वतः लिहावी लागते. खिडक्या आणि बटणे असलेल्या प्रणालीत मुले स्टॅकपर्यंत (अनेक नोंदी एकत्र जोडून काढलेल्या छेदापर्यंत) पोहोचतात, पण वाटेत काय झाले ते सांगू शकत नाहीत.

चौथे टेक्सासचे. स्टॅनफर्डमधून बाहेर पडलेल्या सर्गेई फोमेल यांनी ऑस्टिन येथे मादागास्कर ही प्रणाली वाढवली आणि २००६ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिचे मोल निव्वळ प्रोग्रामांत नाही. तिच्यासोबत संपूर्ण शोधनिबंध येतात, आणि एक आज्ञा दिली की निबंधातील आकृती तुमच्या संगणकावर नव्याने तयार होते. क्लेअरबाउट १९९० च्या दशकाच्या आरंभापासून हाच आग्रह धरत होते की ज्या आकृतीमागचा प्रोग्राम आणि आधारसामग्री हाती नाही, ती आकृती म्हणजे संशोधनाची केवळ जाहिरात. एखाद्या गटाची थोरवी ठरवताना मी हीच कसोटी लावतो.

नेदरलँड्समधील डेल्फ्टचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. गुस बर्कहाउट यांचा डेल्फी गट, समुद्रपृष्ठावरून वारंवार परत येणाऱ्या लहरी काढून टाकण्याचे डिर्क-यान फेर्स्खूर यांचे काम आणि केस वापेनार यांचे सिद्धान्त हे सारे तेथलेच.

कंपन्यांचे श्रेयही मान्य करावे लागते. मायग्रेशनच्या तीन स्वतंत्र पद्धती १९७८ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. स्टोल्ट, गाझदाग आणि श्नायडर हे तिन्ही लेखक विद्यापीठांत नव्हते, उद्योगात होते.

गोदातीर (मूळ गाव नांदेड, सध्या युरोपात संशोधन)

जुनाजिओफोन काकांनी पाया उत्तम सांगितला आहे, परंतु वाचकाचा असा समज व्हायला नको की हा विषय १९८० च्या आसपास थांबला. गेल्या काही दशकांत सर्वाधिक बुद्धी खर्च झाली ती फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जनवर. पात्रिक लायी यांनी १९८३ मध्ये आणि आल्बेर तारांतोला यांनी १९८४ मध्ये त्याचे गणित मांडले. थरांतील वेगाचे एक अंदाजी प्रारूप घ्यायचे, त्यातून लहरी पाठवून कृत्रिम नोंद तयार करायची, खऱ्या नोंदीशी तिचा जो फरक येईल तो उलट्या काळात जमिनीत परत सोडायचा, आणि त्यावरून प्रारूप कोठे व किती सुधारायचे ते ठरवायचे. त्या काळच्या संगणकांना ते झेपणारे नव्हते. पुढे गेरहार्ड प्रॅट यांनी गणना वारंवारतेच्या अंगाने करण्याची आणि कमी वारंवारतेपासून आरंभ करण्याची वाट दाखवली, तेव्हा ते व्यवहारात येऊ लागले. ग्रेनोबल येथील झ्याँ व्हिरिय यांच्याभोवती उभा राहिलेला सायस्कोप गट, तसेच ब्रिटिश कोलंबिया आणि नंतर जॉर्जिया टेक येथील फेलिक्स हेरमान यांचा गट, यांचे निबंध विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावेत. ऑस्टिन येथील भारतीय वंशाचे मृणाल सेन आणि त्यांचे सहकारी पॉल स्टोफा यांनी अशा प्रश्नांत जवळच्या चुकीच्या उत्तरावर अडकून न पडता व्यापक शोध घेणाऱ्या पद्धती विकसित केल्या. त्यांचे लेखन शिकवण्याच्या दृष्टीनेही सुबोध आहे.

प्रणालींत मी देविटोचे नाव घेईन. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये जेरार्ड गॉर्मन यांच्या गटाने ती घडवली. पायथॉनमध्ये लहरीचे समीकरण जवळजवळ कागदावर लिहितो तसे लिहायचे, आणि त्यापासून वेगाने चालणारा सी भाषेतील प्रोग्राम ती स्वतः तयार करते. तिच्या पाठांतील लहान द्विमितीय उदाहरणे साध्या लॅपटॉपवर चालतात. ज्यांची आज्ञावलीची सवय पायथॉनपासून सुरू झाली आहे, अशा आजच्या मुलांना सायस्मिक युनिक्सपेक्षा ही अधिक जवळची वाटेल, असे माझे मत आहे.

जुनाजिओफोन

जवळची वाटेल यात शंका नाही, परंतु आधी नोंद स्वच्छ कशी करायची ते आले पाहिजे. पहिल्या प्रारूपातील चूक लहरीच्या अर्ध्या आवर्तनाहून अधिक झाली की तुमचे इन्व्हर्जन चुकीच्या लाटेला जाऊन चिकटते आणि अत्यंत सुबक दिसणारे खोटे चित्र देते. ज्याने हाताने वेग निवडलेले नाहीत, त्याला ते खोटे आहे हे कळणारही नाही.

काळापाषाण (बीड)

वरील चर्चा मन लावून वाचली. माझा व्यवसाय भूजल आणि पायाभरणीच्या सर्वेक्षणाचा आहे, त्यामुळे थोडे रोखठोक लिहितो. लातूर-बीड-धाराशिवच्या विद्यार्थ्याला नोकरी मिळाली तर ती बहुधा विहीर, बोअर, पाझर तलाव, पूल किंवा पवनचक्कीचा पाया याच्याशी संबंधित असेल. त्यासाठी दहा किलोमीटर लांबीची केबल आणि व्हायब्रेटर ट्रक लागत नाहीत. हातोडा, लोखंडी पत्रा आणि चोवीस जिओफोन (जमिनीचे कंपन टिपणारी उपकरणे) पुरतात.

पाच मीटर अंतराने चोवीस जिओफोन मांडले की पसारा ११५ मीटर होतो, आणि त्यातून साधारण पंचवीस-तीस मीटर खोलीपर्यंतचे अपवर्तन, म्हणजे खालच्या वेगवान थराच्या माथ्यालगत धावून परत वर येणारी लहर, मिळते. आपल्याकडे वरची काळी माती आणि मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा मांजऱ्या खडक आणि मग अभंग काळा पाषाण, असा क्रम असला तर वेग खाली वाढत जातो आणि अपवर्तनाचे काम सोपे होते. मुरमात सेकंदाला हजार मीटरच्या आसपास असलेला वेग अभंग पाषाणात साडेचार-पाच हजारांपर्यंत जातो.

अडचण पुढे येते. दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये तांबडी बोल, म्हणजे तांबड्या मातीचा थर, असते. तिच्यातील वेग वरच्या पाषाणाहून कमी असल्यामुळे तिच्या माथ्यावरून अपवर्तित लहर वर येतच नाही. खालचा प्रवाह वरच्याइतकाच कठीण असेल तर तोही पहिल्या आगमनात दिसत नाही. म्हणजे बोअरवाल्याला ज्या संधीत पाणी लागते, नेमकी तीच या पद्धतीला आंधळी आहे. सेस्मिक करून पाणी दाखवतो असे सांगणाऱ्याचे आणि नारळ घेऊन शेतात फिरणाऱ्या पाणाड्याचे दावे मला सारखेच वाटतात. सेस्मिकने मुरमाची जाडी आणि खडकाची प्रत सांगावी, पाण्याचा अंदाज विद्युतरोधाच्या मापनावरून घ्यावा, आणि दोन्ही एकत्र ठेवून बोअरची जागा ठरवावी.

या कामासाठी मुक्तस्रोतात पायजिमली आहे. थॉमस ग्युंथर, कार्स्टन र्‍युकर आणि फ्लोरियान वागनर यांनी लिहिलेल्या या प्रणालीत अपवर्तन आणि विद्युतरोध या दोन्हींचे इन्व्हर्जन (नोंदींवरून खालच्या थरांचे प्रारूप काढणे) एकाच चौकटीत होते, आणि आपल्याकडे दोन्ही पद्धती जोडीने लागत असल्यामुळे तो मोठाच फायदा आहे. दुसरी पद्धत पृष्ठलहरींची, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरींची. कॅन्सस जिऑलॉजिकल सर्व्हेचे चून पार्क, रिचर्ड मिलर आणि जियांगहाय शिया यांनी १९९९ मध्ये बहुचॅनेल पृष्ठलहरी विश्लेषण, म्हणजे ज्याला सगळे मासव म्हणतात, ते मांडले. यात वेग खोलीनुसार वाढलाच पाहिजे अशी अट नसते, त्यामुळे कठीण थराखालचा मऊ थर निदान तत्त्वतः तरी सापडतो. मात्र अशा जागी या लहरींचे उच्च मोड (कंपनाचे वरचे प्रकार) प्रबळ होतात, आणि ते न ओळखता मूळ मोड समजून आकडे भरले तर खोली भलतीच येते. मार्क वाथले यांची जिओप्सी ही प्रणाली त्यासाठी मुक्त उपलब्ध आहे.

मांजराकाठ

दोन्ही बाजू पटल्या. पण किल्लारीच्या संदर्भात एक शंका आहे. बेसॉल्टच्या खाली गाळाचे खडक आहेत काय, हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात. परावर्तनाने ते दिसायला हवेत ना?

जुनाजिओफोन

हा प्रश्न आमच्या व्यवसायातील जुने दुखणे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर, आणि मग थेट प्राचीन स्फटिकी खडक. आता हिशेब करू. गाळातील वेग सेकंदाला ३००० मीटर आणि लहरीची प्रमुख वारंवारता ३० हर्ट्झ धरली तर तरंगलांबी १०० मीटर येते. थराचा माथा आणि तळ वेगळा दिसण्यासाठी जाडी तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे २५ मीटर तरी हवी. आठ मीटरचा थर त्या नोंदीत स्वतंत्रपणे दिसणार नाही. वारंवारता वाढवावी म्हटले तर बेसॉल्ट उच्च वारंवारता खातो. त्याच्या थरांच्या पोकळ्या, बोल आणि भेगा लहरी विखुरतात, आणि प्रवाहांच्या आतल्या आत वारंवार होणारी परावर्तने खालून येणाऱ्या अशक्त संकेतावर चढून बसतात. बेसॉल्टच्या माथ्यावरच बरीच ऊर्जा परत फिरते, तो भाग वेगळा.

या प्रश्नावर आपल्या देशात ज्यांनी आयुष्य घातले, त्यांत के. एल. कैला यांचे नाव पहिले. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७२ मध्ये सोव्हिएत सहकार्याने डीप सायस्मिक साउंडिंग, म्हणजे कवचात खोलवर लहरी पाठवून केलेले सर्वेक्षण, सुरू केले आणि पहिली सर्वेक्षण रेषा कावली ते उडुपी अशी दक्षिण भारताच्या आरपार नेली. पुढे कोयनेच्या परिसरात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषा झाल्या. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात बेसॉल्टखाली दडलेल्या मध्यजीव काळातील गाळाच्या खोऱ्यांचा पुरावा कैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने दिला. त्यांची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. बेसॉल्टमधून धावणारी पहिली लहर काही अंतरानंतर क्षीण होऊन लोपते, आणि त्यापुढे स्फटिकी पायातून आलेली लहर अपेक्षेपेक्षा उशिरा सुरू होते. हा जो खंड आणि उशीर, त्यावरूनच मधल्या मंद थराची जाडी काढायची. काळापाषाण यांनी बोलीबाबत सांगितलेली अडचण तीच आहे. मोठ्या अंतरावर तिचाच पुरावा होतो.

विद्यार्थ्यांसाठी हाच अभ्यास ठेवा. मादागास्कर किंवा देविटोमध्ये ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली एकदा ८ मीटर आणि एकदा ३०० मीटर गाळ, असे दोन छेद तयार करा. दोन्हींतून लहर सोडा आणि नोंदी शेजारी ठेवा. परावर्तनाला काय दिसते आणि काय नाही, हे दहा व्याख्यानांनी समजणार नाही ते या एका प्रयोगाने समजेल.

गोदातीर

काकांच्या प्रयोगाला माझे पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर घालतो. क्लेअरबाउट यांनी १९६८ मध्ये दाखवले होते की सपाट थरांच्या जमिनीत खालून आलेल्या आणि पृष्ठभागावर नोंदलेल्या लहरीचे स्वतःशीच सहसंबंधन केले (काळाने सरकवलेल्या तिच्याच प्रतीशी ती जुळवून पाहिली) तर पृष्ठभागावरच स्रोत ठेवल्यासारखी परावर्तनाची नोंद मिळते. वापेनार यांनी पुढे ते कोणत्याही रचनेसाठी सिद्ध केले. म्हणून आज रस्त्यावरील वाहतुकीचा थरथराट हाही स्रोत म्हणून वापरता येतो. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. त्या भागात स्फोट किंवा ट्रक न वापरता काही आठवडे शांतपणे नोंद घेणारी उपकरणे पुरून उथळ कवचाचे चित्र काढणे, हा एखाद्या विभागाला झेपेल असा विषय आहे. नोंदी वाचण्यासाठी म्युनिकमध्ये जन्मलेली ऑब्सपाय ही पायथॉन प्रणाली पुरेशी आहे.

मांजराकाठ

आभारी आहे. आता व्यवहाराचे दोन प्रश्न. विभागातील संगणकांवर विंडोज आहे, त्यावर यांतले काय चालेल? आणि सराव करायला खरी आधारसामग्री कोठून आणावी?

गोदातीर

ओपनडिटेक्ट थेट विंडोजवर चालते. ती नेदरलँड्सच्या डीजीबी कंपनीची सेस्मिक नोंदींच्या अन्वयार्थाची प्रणाली असून तिचा मूळ भाग मुक्त आहे. पायथॉनवरील सर्व काही चालेल. सायस्मिक युनिक्स आणि मादागास्करसाठी विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टने दिलेली सोय वापरा. सायस्मिक युनिक्स बसवताना सीडब्ल्यूपीरूट (प्रणाली ठेवलेल्या जागेचा मार्ग) आधी नोंदवायला विसरू नका, बहुतेकांचे घोडे तेथेच अडते.

आधारसामग्रीत उत्तर समुद्रातील डच एफ-३ खंडाची त्रिमितीय नोंद ओपनडिटेक्टसोबत वापरण्यासाठी मोफत मिळते. नॉर्वेच्या इक्विनॉरने २०१८ मध्ये व्होल्व्ह क्षेत्राची संपूर्ण सामग्री खुली केली. सेग-वाय (सेस्मिक नोंदींचे प्रचलित स्वरूप) फाइली पायथॉनमधून वाचण्यासाठी त्याच कंपनीचे सेगायओ वापरा. कृत्रिम प्रारूपांत मार्मूसी, जे फ्रेंच पेट्रोलियम संस्थेने १९८८ मध्ये अंगोलातील एका खोऱ्याच्या छेदावरून बनवले. आजही नवी पद्धत आली की तिची पहिली परीक्षा मार्मूसीवर होते, इतकी की काही पद्धती फक्त मार्मूसीवरच चालतात असे आम्ही आपसांत म्हणतो.

काळापाषाण

परदेशी सामग्रीवर हात बसला की मुलांना महाविद्यालयाच्या मैदानावर हातोडा घेऊन उतरवा. उपकरण कोणाकडून तरी दोन दिवस मागून मिळते. अभियांत्रिकी सिस्मोग्राफ बहुधा सेग-२ स्वरूपात नोंद देतात, ती ऑब्सपाय वाचते. आणि रेफ्रापाय नावाची मुक्त प्रणाली ऑब्सपाय व पायजिमली यांच्याच आधाराने पहिली आगमने निवडण्यापासून अंतिम छेदापर्यंत नेते.

मैदानावर दोन गोष्टी पाळायला लावा. प्रत्येक नोंदीचा फाइल क्रमांक, हातोड्याची जागा आणि पहिल्या जिओफोनची जागा कागदी वहीत लिहायची, कारण उपकरणाच्या हेडरमध्ये ही भूमिती पुष्कळदा आधीच्या कामाची राहिलेली असते. आणि पसाऱ्याच्या दोन्ही टोकांना, तसेच मध्ये, हातोडा मारायचा. थर कललेला असेल तर उताराच्या दिशेने वेग खऱ्यापेक्षा कमी आणि चढाच्या दिशेने जास्त दिसतो. एकाच टोकाची नोंद असली की तो फरक थराच्या कलामुळे आला की खडकच निराळा आहे, हे कोणत्याही प्रणालीला सांगता येत नाही.